बारीक आवाजाचे पक्षी

मिनलने ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना डोळे मिटून घ्यायला सांगितलं. दुर्गा टेकडीच्या उतारावर जमलेली माणसं जागच्या जागी थांबली. कुणी हात मागे बांधले, कुणी दुर्बीण छातीशी धरली. उद्धवरावांनीही डोळे मिटले. कोवळं ऊन पापण्यांवर तांबूस पडलं होतं आणि त्या तांबूस अंधारात त्यांना नेहमीचंच ऐकू येत होतं, कुठेतरी खोल आत एक मोटर चालू ठेवून माणूस निघून गेल्यासारखं.

किती वेळ उभं राहायचं ते त्यांना कळेना. कुणीतरी सांगेल, मग उघडू, असा त्यांचा हिशोब. शेवटी त्यांनी एक डोळा किलकिला केला. बाकी सगळे कधीचेच डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होते.

"काका, सगळ्यात जास्त वेळ तुम्हीच ऐकलंत," मिनल हसत म्हणाली. "किती आवाज मिळाले?"

त्यांना तिच्या ओठांवरून 'किती' तेवढं कळलं.

"चार," ते म्हणाले.

"बरोबर!" तिने बोटं उघडून एकेक नाव घेतलं. शिंपी, सुभग, चष्मेवाला, शिंजीर. कुणीतरी उद्धवरावांच्या पाठीवर थाप मारली. पहिल्याच दिवशी एवढं, म्हणजे कमालच झाली. उद्धवराव मान डोलावून आपल्या बुटांकडे बघत राहिले.

त्यांची उभी हयात प्रेस शॉपमध्ये गेली होती. लातूरकडून आल्यावर आधी भोसरीत, मग चाकणच्या कंपनीत. पत्र्यावर डाय आदळली की धक्का आधी तळपायाला कळायचा आणि मग छातीला. कानात घालायचे बोळे मिळत, नाही असं नाही. पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही, आणि हाक ऐकू आली नाही तर बोट जायचं. म्हणून पोरं बोळे खिशात ठेवायची. बोटं सगळी शाबूत घेऊन उद्धवराव निवृत्त झाले. कान मात्र तिथेच राहिले. पुरुषांचे जाड आवाज अजून कळायचे, ट्रकचा हॉर्न कळायचा. आधी गेले ते बारीक आवाज, बायकांचे, लेकरांचे, भांड्यांचे.

त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, हे बाकी कुणाच्याही आधी समजलं होतं. बोलण्याआधी त्या त्यांच्या मनगटाला हात लावायच्या, मग समोर येऊन बोलायच्या. लग्नकार्यात कुणी काही विचारलं आणि उद्धवराव नुसते हसले, की कुसुमताई मध्ये पडायच्या. "हे विचारतायत, गावाकडं कधी निघायचं म्हणून." उद्धवराव मग ऐटीत उत्तर द्यायचे. समोरच्याला पत्ताही लागायचा नाही. कानाचं मशीन घ्या म्हणून त्यांनी किती वर्षं धोशा लावला होता. "तू हायस की," उद्धवराव म्हणायचे आणि विषय संपायचा.

दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि कुसुमताई गेल्या.

योगिनी, त्यांची एकुलती एक लेक, नाशिकहून आली ती दिवसकार्य उरकल्यावरही परत गेली नाही. महिना झाला, संक्रांत आली. जावई, ज्ञानेशराव, तेराव्याला येऊन गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. बिचाऱ्याला सुट्टी नसेल, उद्धवरावांना वाटायचं. तिकडे त्याच्या जेवणाचे हाल आणि इकडे आपली लेक आपल्यापायी अडकून पडलेली. भेटायला आलेल्या बायका तसं बोलल्याही होत्या. त्यांनी आवाज खाली आणला होता, पण असलं बोलणं उद्धवरावांना ओठांवरून वाचता यायचं.

म्हणून ते चहा करायला शिकले. खिचडी शिकले. स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करू लागले आणि ते योगिनीला दिसेल अशा बेताने खुर्चीवर टांगू लागले. दर आठवड्याला एकदा म्हणायचे, "योगू, मी ठीक हाय आता. तू जा. ज्ञानेशरावांचं कसं चालत असेल?"

"जाईन हो अण्णा, घाई काय आहे!" ती मोठ्याने म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची.

पक्षी बघायला नेणाऱ्या गटाचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला तो तिनेच दाखवला होता. दर रविवारी सकाळी, नवशिक्यांसाठी, दुर्बीण नसेल तर मिळेल. "तुम्ही जा. मोकळ्या हवेत चार माणसं भेटतील," ती म्हणाली होती. उद्धवरावांनी त्याचा अर्थ असा लावला की आपल्याला सोबत मिळाली म्हणजे हिचा पाय मोकळा होईल. पक्ष्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. लेक सासरी परत जावी म्हणून ते टेकडी चढत होते.

पहिले काही रविवार दुर्बिणीतून नुसती पानंच दिसली. डोळ्याला दुर्बीण लावायची, की समोरचं झाड हरवायचं. हाती लागायची एखादी फांदी, नाहीतर आभाळाचा तुकडा. मिनल दिशा सांगताना घड्याळाचे काटे वापरायची. "आंब्याच्या दोनच्या काट्यावर," ती म्हणाली तेव्हा उद्धवरावांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. शेजारचे सोपानराव खो खो हसले. सोपानराव मूळचे चऱ्होलीचे, बसवर कंडक्टर होते. त्यांचा आवाज भरल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचलेला, त्यामुळे उद्धवरावांना त्यांचं अक्षर न् अक्षर कळायचं आणि ते त्यांच्याच आसपास राहायचे.

"आवो, आंब्याला घड्याळ समजायचं," सोपानराव म्हणाले. "शेंड्यावर बारा. कळलं का?"

"कळलं."

"मला बी दोन रविवार कळलं न्हवतं. सांगू नका कुनाला."

आवाजाच्या खेळात उद्धवराव चाचपडायचे, पण त्यांनी एक युक्ती शोधून काढली होती. कुठे काही वाजलं की सगळ्यांच्या माना वळायच्या. त्यांची मान त्या मानांच्या मागून वळायची, इतक्या सफाईने की ती मागून वळतेय हे दिसू नये. कंपनीत, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हीच युक्ती त्यांनी जन्मभर चालवली होती.

मग गट एकदा तळेगावच्या तळ्यावर गेला. तिथे ऐकायचं काम नव्हतं. पाणी उघडं होतं, पक्षी मोठे होते आणि स्वतःच्या कामात होते. काठच्या चिखलात लांबलचक लाल पायांचे पक्षी काठीवर चालणाऱ्या पोरांसारखे चालले होते. प्रत्येक पाऊल उचलून, जरा थांबून, जपून ठेवत होते. मिनलने नाव सांगितलं, शेकाट्या. उद्धवरावांनी दुर्बीण लावली आणि या वेळी काही हरवलं नाही. तो पक्षी गोल चौकटीत आला तो थेट डोळ्यांसहित. त्याने पाण्यात चोच घातली, काढली, आणि चोचीच्या टोकावरून एक थेंब गळला. तो थेंब उद्धवरावांना दिसला.

त्यांच्या तोंडातून "अरे वा!" असं काहीतरी निघालं. त्यांना बरं वाटत होतं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच बरं वाटत होतं, आणि हे ध्यानात आलं तसे ते दचकले. दुर्बीण खाली करून त्यांनी डावीकडे बघितलं. कुसुमताई नेहमी डावीकडे असायच्या. तिथे कुणाची तरी पाण्याची बाटली गवतात कलंडलेली होती.

परत निघताना मिनल चालता चालता त्यांच्यासमोर येऊन थांबली. बारीक चणीची, कपाळावर टोपी ओढलेली मुलगी. आठवडाभर हिंजवडीत नोकरी करायची आणि रविवारी हे. ती त्यांच्या चेहऱ्यासमोर, हळू आणि स्पष्ट बोलली.

"काका, कंपनीत कुठल्या शॉपला होता?"

"प्रेस शॉप."

"माझे पप्पा फोर्जिंगला होते. मोठ्या घणावर."

उद्धवरावांनी तिच्याकडे बघितलं.

"पप्पा पण असंच करायचे. मी ज्या बाजूला मान वळवेन, त्या बाजूला त्यांची मान वळायची. मला लहानपणी वाटायचं, पप्पा माझं किती ऐकतात."

उद्धवरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागून येणाऱ्या सोपानरावांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. "कुणाला बोलू नका," ते म्हणाले.

"नाही बोलणार. पण मशीन लावून बघा ना एकदा. पप्पांनी लावलं तेव्हा आठवडाभर चिडले होते. म्हणायचे, जग एवढी कटकट करतं हे मला माहीतच नव्हतं." ती हसली. "मग रोज सकाळी गॅलरीत जाऊन बसायला लागले."

त्यानंतर एके दिवशी बँकेत जाऊन येतो असं योगिनीला सांगून उद्धवराव चिंचवडला कानाच्या डॉक्टरकडे गेले. बंद काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला गेला. आवाज आला की बटण दाबायचं. ते बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. काचेपलीकडची मुलगी वर बघायची, खाली बघायची, काही लिहायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, हे फार आधी व्हायला हवं होतं. हे वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

दोन्ही कानांचं मशीन मिळालं तेव्हा ते शर्टाच्या खिशात ठेवून उद्धवराव घरी आले आणि खिशातून बाहेर काढण्याचा त्यांना धीर झाला नाही. जिने जन्मभर मागितलं तिच्यासाठी घेतलं नाही आणि आता पाखरांसाठी घेतलं. योगिनीला हे कोणत्या तोंडाने दाखवायचं? आईच्या फोटोखाली ती रोज दिवा लावत होती. म्हणून मशीन रविवारी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडल्यावर कानात जायचं आणि येताना फाटकाशी परत खिशात.

पहिल्यांदा ते लावून टेकडीवर गेले तेव्हा आधी स्वतःचेच बूट ऐकू आले. सुकलेल्या गवतात करकर करत होते. बाह्या एकमेकींवर घासत होत्या. सोपानराव बोलायला लागले तसे उद्धवराव दोन पावलं मागे सरकले. आणि मग डोक्यावरच्या बाभळीतून एक आवाज आला, टोकदार, भरभर, कुणीतरी घाईघाईने कैची चालवावी तसा. मान वळवायला त्यांना या वेळी कुणाकडे बघावं लागलं नाही. फांदीच्या टोकाला अंगठ्याएवढा काळा-निळा पक्षी सगळं अंग हलवून ओरडत होता.

"शिंजीर," मिनल त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

"एवढुसा जीव. किती बोलतो."

"हा तुमच्या बिल्डिंगमध्ये पण असेल, काका. कुंडीत जास्वंद असली तर रोज येत असेल."

त्यांच्या गॅलरीत जास्वंद होती. कुसुमताईंनी लावलेली. सकाळी चहाचा कप घेऊन त्या तिथेच उभ्या असायच्या आणि मधूनच हसायच्या. एकटीच काय हसतेस, असं उद्धवराव विचारायचे, तेव्हा त्या हाताने 'काही नाही' करायच्या. दुर्बिणीची काच धुरकट झाली म्हणून उद्धवरावांनी सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि रुमालाने ती बराच वेळ पुसली.

पुढच्या रविवारी चऱ्होलीला नदीकाठी जायचं ठरलं होतं. सोपानराव गावचे म्हणून पुढे चालत होते. इथं आमची वांगी असायची, इथं ऊस, असं ते सांगत होते, आणि जिथे बोट दाखवत तिथे पार्किंगचे खांब उभे होते. काठावर पोचतात तोच पलीकडच्या नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात खडक फोडायचं मशीन सुरू झालं. धोबी पक्ष्यांची एक जोडी पाण्यावरून उडाली ती परत आली नाही. उद्धवरावांना तो धडधडाट जुन्या ओळखीचा वाटला आणि त्यांनी कानातलं मशीन बोटाने हळू केलं. मिनलने थोडी वाट बघितली, मग हात हलवले.

"आज काही मिळणार नाही. रविवारी पण काम चालू असेल असं वाटलं नव्हतं. सॉरी हं सगळ्यांना."

काठ सोडल्यावर उद्धवरावांनी मशीन पुन्हा मोठं केलं. सोपानरावांनी त्यांना आपल्या स्कूटरवर घेतलं. भोसरीपर्यंत ते जमिनीच्या गोष्टी सांगत होते. कोणत्या भावाने काय विकलं, कोण कुणाशी बोलत नाही. सोसायटीच्या फाटकाशी न थांबता ते थेट जिन्यापाशी आले, "चला, भेटू," म्हणाले आणि वळले. त्या बोलण्याच्या नादात कानातलं काढायचं राहिलं.

दुसऱ्या मजल्यावर आल्यावर उद्धवरावांनी किल्लीने दार उघडलं. आतून एक उंच, लांबलेला आवाज येत होता. आधी त्यांना वाटलं, कुकरची शिट्टी अडकली. मग तो आवाज तुटला, श्वास ओढल्याचं ऐकू आलं आणि पुन्हा सुरू झाला.

योगिनी स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. बाहेरच्या खोलीतून तिची पाठ तेवढी दिसत होती आणि शेजारी जमिनीवर ठेवलेला फोन. दार लोटलेलंही नव्हतं. ती मोठ्याने रडत होती. घरात माणूस असताना बाई तोंडावर पदर धरून रडते, तसं ते रडणं नव्हतं. कुणी ऐकेल याचा धाकच त्यात नव्हता.

"योगे, हळू गं," फोनमधून आवाज आला. तिची मैत्रीण रूपाली असावी. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. अण्णांना ऐकू येत नाही तेवढं बरंय. ते घरात असले तरी मी रडते, रूपा. ते पलीकडे पेपर वाचत असतात."

"तू एकदा जाऊन तर ये नाशिकला."

"कुठं जाऊ? कुलूप बदललंय त्याने. माझे कपडे दोन बॅगांत भरून खाली वॉचमनकडे ठेवलेत. वॉचमनने फोन केला मला, मॅडम, बॅगा कधी नेताय. ज्ञानेश फोनच घेत नाही."

"मग अण्णांना सांग ना आता. किती दिवस अशी..."

"कसं सांगू? आईचं दुःख कमी आहे का त्यांना?" नाक ओढल्याचा आवाज आला, बांगडी फरशीवर घासल्याचा आला. "त्यांना वाटतं, मी त्यांच्यासाठी राहिलेय. दर आठवड्याला म्हणतात, मी ठीक आहे, तू जा आता. खिचडी काय करतात, इस्त्री काय करतात. मला भीती वाटते गं. ते खरंच ठीक झाले तर मी इथं कशासाठी राहतेय म्हणून सांगू?"

उद्धवरावांचा हात अजून दाराच्या कडीवर होता. ते एक पाऊल मागे आले, मग दुसरं. दार ओढून घेताना कुलपाची जीभ खटकन बसली. त्या आवाजाने ते थिजले. पण आतलं रडणं पुन्हा सुरू झालं होतं. ते कठड्याला धरून जिना उतरले.

पार्किंगच्या कडेला सिमेंटचं बाकडं होतं तिथे ते बसले. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि इथूनही ते ऐकू येत होतं. नीट कान दिला तर येत होतं. म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ठाऊक असणार. शेजारच्या प्रभावतीबाई मध्ये एकदा काहीच कारण नसताना तिळाच्या वड्या घेऊन आल्या होत्या आणि योगिनीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या होत्या. आईवेगळी पोर म्हणून, असं उद्धवरावांना तेव्हा वाटलं होतं.

उद्धवरावांनी दोन्ही कानांतली मशिनं काढली. खिडकी गप्प झाली. कुठेतरी आत ती जुनी मोटर तेवढी चालत राहिली. पाठ ताठ ठेवून ते ऊन पायापाशी येईपर्यंत बसून राहिले. रविवारी फिरून यायची त्यांची वेळ झाली तेव्हा उठले.

किल्ली खिशात असूनही त्यांनी बेल दाबली. दाबून धरली.

योगिनीने दार उघडलं. तोंड धुतलेलं होतं, कानशिलावरचे केस ओले होते. "किल्ली विसरलात?" ती मोठ्याने म्हणाली, आणि मग तिने नेहमीसारखं विचारलं, "काय काय दिसलं आज?"

"धोबी," उद्धवराव म्हणाले. "जोडी होती."

ते तिच्याकडे बघत होते. डोळ्यांच्या कडा सुजून लाल झाल्या होत्या, खालचा ओठ चावलेल्या जागी फुटला होता. मनगट बारीक झालं होतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. हे काही ऐकायचं नव्हतं, नुसतं दिसत होतं. इतके दिवस दिसत होतं.

"असे काय बघताय? बसा, पोहे देते."

तिने बशी आणून ठेवली, खोबरं भुरभुरलं आणि ती कट्ट्याकडे वळली. उद्धवरावांनी एक घास घेतला, गिळला. मग चमचा खाली ठेवला.

"योगू, इकडं बघ."

ती वळली.

"मी तुला जा जा म्हणतो खरं. पण मला नाही जमत."

"काय नाही जमत?"

"एकट्यानं. परवा तू खाली गेलीस तेव्हा गॅस तसाच राहिला होता. कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत. दार कुणी वाजवलं तर कळत नाही. दिवसभर ठीक वाटतं, मग संध्याकाळी..." त्यांनी हाताने काहीतरी दाखवलं आणि ते अर्धवटच राहिलं. गॅसचं खोटं होतं. संध्याकाळचं खोटं नव्हतं. "ज्ञानेशरावांना काय वाटायचं ते वाटू दे. मी म्हातारा झालो म्हणून सांग. पण तू राहा. वर्षभर तरी राहा. पुढचं पुढं बघू."

योगिनी हातातला झारा तसाच धरून उभी होती. "वर्षभर?" ती म्हणाली. हे तिने मोठ्याने म्हटलं नाही, पण ओठ कळले.

"जास्त होत असेल तर..."

"नाही," ती म्हणाली. "नाही, राहते." ती पाठ करून उभी राहिली आणि तिने नळ सोडला. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं. तिचे खांदे आधी वर गेले आणि मग सावकाश खाली आले. उद्धवराव पोहे खात बसले. त्यात मीठ नव्हतं.

बशी संपल्यावर ते म्हणाले, "आणि पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चल. सगळे पाखरांचे आवाज ओळखतात आणि मी आपला ठोंब्यासारखा उभा. कुणीतरी सांगणारं पाहिजे."

"मला कुठं पक्षी कळतात, अण्णा?"

"मला तरी कुठं कळतात?"

रविवारी निघण्याआधी उद्धवरावांनी मशिनांची डबी कपाटात, कुसुमताईंच्या घडी घातलेल्या साड्यांखाली सारून ठेवली. हात मागे घेताना ते थोडे थांबले. मग त्यांनी कपाट लावलं.

टेकडीच्या पायथ्याशी मिनल नव्या माणसांची नावं विचारत होती. उद्धवरावांनी लेकीची ओळख करून दिली. मिनलची नजर त्यांच्या एका कानाकडे गेली, मग दुसऱ्या कानाकडे. ती काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात उद्धवरावांनी मान अगदी किंचित हलवली. नाही. मिनलने एकदा योगिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग आपल्या गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या गळ्यात घातली.

"नवीन आहात ना? काकांच्या डावीकडे चाला," ती म्हणाली. "त्यांना सांगत चला."

वर चढताना योगिनी फारसं बोलली नाही. सोपानरावांनी तिला आंब्याचं घड्याळ समजावून सांगितलं, तेव्हा ती जरा हसली. उताराच्या वळणावर सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. उद्धवराव समोर बघत उभे राहिले. त्यांनी आपली मान हलू दिली नाही.

योगिनीने त्यांच्या बाहीला धरलं. "अण्णा, तिकडं काहीतरी ओरडतंय. त्या झाडात."

"कसं?"

"शिट्टी मारल्यासारखं."

"कसं म्हणजे? मला कसं कळणार?"

तिने आजूबाजूला बघितलं. माणसं दुर्बिणी लावून उभी होती, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती टाचा उचलून त्यांच्या कानापाशी आली, ओठांचा चंबू केला आणि शिट्टी घातली. उद्धवरावांना काहीच ऐकू आलं नाही. कानाच्या पाळीवर तिचा श्वास तेवढा लागला, ऊन आणि थोडा थरथरता.

"कळलं?" तिने समोर येऊन विचारलं. तिचे गाल लाल झाले होते.

"नाही," उद्धवराव म्हणाले. "परत एकदा कर."